चार जोड बूट

काल गॅलरीत ओले बूट वाळत घातले, आणि त्या कुबट वासाने मी थेट मुळशीच्या नदीकाठी जाऊन पोचलो. डिसेंबरातली सकाळ होती, भातखाचरं कापून मोकळी झाली होती आणि पाण्यावर अजून धुकं होतं. आम्ही पाच शाळासोबती, सगळे पन्नाशी ओलांडलेले, गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायला निघालो. "बूट काढून ठेवा, मी सॅकमध्ये भरून आणतो," एक जण म्हणाला. चौघांनी आपले बूट झाडाखाली फेकले. मी माझे लांब एका खडकावर नीट ठेवले, कारण यांचा गोंधळ मला चौथीपासून ठाऊक आहे. पलीकडे पोचलो, सॅक उघडली, तर आत नुसत्या भाकऱ्या आणि ठेचा! "मला वाटलं तुम्ही भरलेत," हे त्याचं उत्तर. मग चूक कोणाची यावर चौघं काठावर बसून भांडत राहिले, उठेना मात्र एकही. शेवटी मीच त्यांचा उद्धार करत पुन्हा त्या बर्फासारख्या पाण्यात शिरलो, नाड्या बांधून चार जोड गळ्यात अडकवले, परत आलो आणि त्यांच्यापुढे आदळले. "एकालाही अक्कल नाही!" मी ओरडलो. शेजारी गोधडी धूत असलेल्या बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "आन् तुमचं कुटं हायेत?" मला अजूनही त्या चौघांचाच राग येतो.