करडा ठिपका, निळा ठिपका

समजा, तुमच्या हातात मोठ्या पडद्याचा एक फोन आहे. त्यात नकाशा आहे, पण इंटरनेटचा पॅक भरलेला नाही. तुम्ही नकाशा उघडता. रस्ते नाहीत, गावं नाहीत, किनारासुद्धा नाही. पांढऱ्या पडद्यावर एक ठिपका आणि खाली दोन लांबलचक आकडे. ठिपका करडा असेल तर ती तुमची आधीची जागा. मोकळ्या आकाशाखाली न हलता थांबायचं. फोनला उपग्रह सापडले की ठिपका निळा होतो, आकडे बदलतात. मग ते आकडे कुणालाही पाठवा, तुम्ही कुठे आहात ते त्याला कळेल. आता हेच काम हलत्या होडीत, एका हाताने दोर धरून करून बघा.

पाचूबंदरच्या व्हेरोनिकाने हे काम पुष्कळदा केलं आहे, पण वाळूवर उभं राहून. तिचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. तो मासळीच्या टोपलीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वसईच्या बाजारात जायचा. मोठ्या पडद्याचा फोन तिच्या मुलाचा, हिलरीचा. २००९ च्या मे महिन्यात युजीनमामा कुवेतहून आला, तेव्हा त्याने आपला वापरलेला स्मार्टफोन भाच्याला दिला.

"नेट नाय टाकलास तर एवढ्या मोठ्या फोनचा करायचा काय?" व्हेरोनिका म्हणाली. "बोंबील गुंडाळायचे?"

"आये, उपग्रह फुकट हाय. अमेरिकेचा. त्याचा बिल येत नाय."

"मंग तुजं जाळं फाटलं का अमेरिकेला सांग शिवायला."

पण फोन कामाला आला, हे तिलाही मान्य करावं लागलं. समुद्रात त्यांच्या डोलीचे, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं बांधायचे, खुंट होते. हिलरीचा बाप फर्डिनंड चर्चचा मनोरा आणि तुंगारेश्वरचा डोंगर एका रेषेत धरून त्या खुंटांवर जायचा. धुकं पडलं की मनोराही गेला आणि डोंगरही. हिलरी मात्र धुक्यातही नेमका खुंटावर पोचू लागला. जाळं फाडणारे खडकही त्याने फोनमध्ये टिपून ठेवले. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर फर्डिनंडने होडी हिलरीच्या हातात दिली, ती त्या फोनच्या भरवशावरच.

बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीखाली हिलरीने आईला ठिपका शिकवला होता.

"करडा हाय तवर खरा नाय मानायचा. निळा झाला का खरा."

"किती वेळ थांबू? माझी मासळी सुकून जाईल."

"दहा नमो मरिया म्हन. तवर होतो."

तिने खरंच म्हटल्या. फोन तळहातावर धरून, डोळे अर्धे मिटून. पलीकडून शेजारीण रोझलीन ओरडली, "गो व्हेरोनिका, फोनपुढं रोझरी? फादरला सांगू का?" दहावी संपता संपता ठिपका निळा झाला. व्हेरोनिका हसली आणि तेव्हापासून तो तिचा खेळच झाला. हिलरीला मात्र थांबणं जमायचं नाही. चार-पाच नमो मरिया होतात न होतात तोच तो "झाला, झाला" म्हणत फोन खिशात घालायचा. "अरे, करडाच हाय," ती म्हणायची. "खुंट काय पळून जातोय?" तो म्हणायचा.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वादळाचा इशारा आला. होड्या परत फिरल्या. खुंटावरची जाळी सोडवून आणतो, म्हणून हिलरी आणि त्याचा खलाशी शत्रुघ्न पहाटेच गेले होते. दुपारी बाजारात व्हेरोनिकाचा फोन वाजला. हिलरीचा मेसेज होता. इंजिन बंद, नांगर टिकत नाही, आणि पुढे ते दोन आकडे. तिने लगेच फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. टोपली तिथेच टाकून ती बंदरावर आली.

एका मोठ्या बोटीवर जीपीएसचं यंत्र होतं. बोट चालवणाऱ्या तांडेलाने त्यात आकडे घातले. "फर्डिनंडबाबा, हा तर तुमच्या खुंटाजवळच हाय!"

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. जागा ओळखीची निघाली. तसल्या वाऱ्यातही बोटी सुटल्या, आणि रिकाम्या परत आल्या. खुंट होते. होडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बोटी पुन्हा निघायच्या तयारीत असताना व्हेरोनिका धक्क्यावर उभी होती. शेजारी कुणीतरी रोझरी म्हणत होतं. नमो मरिया. नमो मरिया. ती बोटांवर मोजू लागली आणि पाचव्याला थांबली.

खुंटावर पोचल्यावर हिलरी फोन बघायचा आणि बंद करून ठेवायचा, बॅटरी वाचवायला. पुन्हा चालू केला की पहिला ठिपका दिसायचा तो खुंटाचाच. करडा.

तो निळा व्हायची वाट त्याने पाहिली नसेल, तर आलेले आकडे त्या जुन्याच जागेचे. हे तिने फर्डिनंडला सांगितलं. त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने पट्टी बांधलेला चेहरा तिच्याकडे वळवला. "हे तू आता सांगतंस?"



आकडे खरे असतील तर वाऱ्याने होडी उत्तरेला, अर्नाळ्याच्या बाजूला नेली असणार. खोटे असतील तर इंजिन परतीच्या वाटेवर कुठेही बंद पडलेलं असेल, ओहोटीने होडी दक्षिणेलाही ओढली असेल, आणि वर्सोव्यापर्यंतचा सगळा समुद्र शोधायला लागेल. बोटी थोड्या होत्या. तांडेल तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "वैनी, तुझा पोर. तूच सांग. ठिपका निळा होईतवर थांबला असेल का?"

"मला नाय म्हाईत रे," ती म्हणाली. "मला नाय म्हाईत."

अर्ध्या बोटी उत्तरेला गेल्या, अर्ध्या दक्षिणेला. कुणालाच काही मिळालं नाही. फळकूट नाही, जाळ्याचा तुकडा नाही.

काही दिवसांनी ती पापडीला, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या सिद्धेशच्या दुकानात गेली. आपला फोन काचेवर ठेवला.

"यात बघून सांग, ठिपका कुठल्या रंगाचा होता."

सिद्धेशने मेसेज वाचला, पुन्हा वाचला. "काकी, मेसेजमध्ये आकडे येतात. रंग येत नाही."

"नेटचा पॅक असता तर?"

त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. ती हलेना, तेव्हा म्हणाला, "टॉवरची रेंज होती म्हणून तर मेसेज आला. पॅक असता तर फोनला नेटवर्कची मदत मिळाली असती. ठिपका लवकर निळा झाला असता."

"किती लवकर?"

"एखादी नमो मरिया," तो म्हणाला. तिच्या खेळाची गोष्ट पापडीपर्यंत पोचली होती. बोलून गेल्यावर त्याने मान खाली घातली.

त्या संध्याकाळी भरतीला वारा होता. बांधून ठेवलेल्या एका होडीत व्हेरोनिका चढली. डाव्या हाताने दोर धरला, उजव्या तळहातावर आपला साधा फोन ठेवला आणि नमो मरिया म्हणायला लागली. फर्डिनंड काठावरून हाका मारत होता, "उतर गो, पडशील!" चौथीला ती कलंडली. सहावीला लाट आली, फोन निसटून तळाच्या पाण्यात पडला आणि तिला दोन्ही हातांनी दोर धरावा लागला.

ती उतरली तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली होती. फर्डिनंडने तिचा हात धरला. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"मी वाळूवर सगळ्या म्हनायची," ती म्हणाली. "त्या वाऱ्यात त्याला दहा पुऱ्या करता आल्या असतील का रे?"