केफिरचा ग्लास
काल फ्रिज उघडला आणि विसरून राहिलेल्या दुधाचा आंबूस वास नाकात गेला, तशी वाकोल्यातली ती संध्याकाळ आठवली. एका मुलाशी माझं लग्न जवळपास ठरलं होतं आणि मी पहिल्यांदाच एकटी त्याच्या घरी गेले होते. त्याच्या आईला नुकताच सगळं घरी करण्याचा नाद लागला होता. त्यांनी बटाटेवड्यांसोबत स्वतः केलेला टोमॅटो सॉस वाढला. त्यावर फेस होता, बारीक बुडबुडे फुटत होते आणि त्याला दारूसारखा भपकारा येत होता. शेजारी ग्लासभर केफिर, म्हणजे आंबवलेलं दूध. मी घोट घेतला. ओल्या फडक्याचा वास आणि शेंबडासारखी तार, घशाखाली उतरेना. "काकू, मला नाही जमणार हे. सॉसही आंबलाय," मी म्हणाले. काकूंचा चेहरा पडला. "खरंच आंबलाय का रे?" त्यांनी मुलाला विचारलं. केफिरच्या घोटाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी तो म्हणाला, "नाही गं आई, झकास झालंय. हिलाच सवय नाही ना." मग त्याने माझाही ग्लास संपवला, ओठाला चिकटलेली गुठळी जिभेने आत ओढली. मला सोडायला खाली आला आणि गटाराशी वाकून भडाभडा ओकला. "सॉरी यार, आईला कोण सांगणार?" मी त्याला पाणी दिलं आणि घरी येऊन नकार कळवला. आईचं मन राखणारा मुलगा होता, असं घरचे अजून म्हणतात. होता खरा, पण स्वतःच्या पोटात ढवळत असताना त्याने मला खोटं पाडलं, ते मला आजही गिळवत नाही.