गजभियेबाईंचं बिनचुलीचं प्रोटीन

गजभियेबाई नवीन माणसाचा चेहरा नंतर पाहायच्या, नखं आधी. नागपूरच्या त्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झाले, तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांना नमस्कार केला. त्यांनी माझे जोडलेले हात सोडवले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "डाव्या अंगठ्याचं नख वाढलं आहे. उद्या कापून या, मग ओळख करू."

मी कापून गेले. मग ओळख झाली.

बाई गृहविज्ञान शिकवायच्या. वय चाळिशीच्या पुढचं, अंगकाठी लहानशी, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. वडील गिरणीत कामाला होते. छप्पन साली त्यांच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाई कॉलेजात होत्या. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की खास नागपुरी. "आधी हात धुवा, मनाचं मागून पाहू," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. मुलींना ते स्वच्छतेबद्दल वाटायचं. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं.

त्यांच्या खोलीवर 'गृहविज्ञान प्रयोगशाळा' अशी पाटी होती. आत चार टेबलं होती, एक मोरी होती, आहारातल्या घटकांचा तक्ता होता. चूल तेवढी नव्हती. सरकारी अनुदानातून एक चांगला पितळी स्टोव्ह शाळेत आला होता, पण तो मुख्याध्यापिकांच्या ऑफिसमागच्या खोलीत पाहुण्यांच्या चहासाठी राहिला. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या फार मृदू बोलत आणि कोणालाही कधी नाही म्हणत नसत. "बघू या," म्हणत. गजभियेबाईंनी दुसऱ्या स्टोव्हसाठी अर्ज केला की वरून उत्तर येई: आपल्या शाळेत स्टोव्ह असल्याची नोंद आहे. त्यामुळे आमच्या शाळेत स्वयंपाक खडूने शिकवला जाई. बाई फळ्यावर पातेलं काढत, खाली ज्योत काढत, आणि आच मंद करायची वेळ आली की डस्टरने ज्योत अर्धी पुसत. मुली परीक्षेत भात करपल्यास काय करावे याचं उत्तर पाठ लिहून चांगले गुण मिळवत.

शाळा सकाळची. प्रार्थनेला मुली ओळीत उभ्या राहिल्या की आठवड्यातून एखादी तरी चक्कर येऊन पडायची. मोठ्या बाई तिला कांदा हुंगायला लावत आणि बाकीच्यांना वेळेवर झोपण्याचं महत्त्व सांगत. एका सोमवारी आठवीतली शोभा पडली. गजभियेबाईंनी तिला प्रयोगशाळेत टेबलावर निजवलं. मी सोबत होते. बाईंनी विचारलं, "सकाळी काय घेतलं होतं?"

"चहा," शोभा म्हणाली.

"चहासोबत?"

शोभाने त्यांच्याकडे पाहिलं. प्रश्नच तिला नीट कळला नसावा. मग म्हणाली, "चहाच, बाई."

त्या रविवारी गजभियेबाई इतवारीच्या बाजारात गेल्या आणि पिशवीभर सामान घेऊन आल्या: फुटाणे, भाजलेले फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, तीळ, जवस आणि गूळ. सगळं भाजूनच विकत मिळतं, गूळ तर तयारच असतो, तेव्हा चुलीवाचून अडणार नव्हतं. पुढचा आठवडाभर शाळा सुटल्यावर त्यांचे प्रयोग चालले. फुटाण्याचं पीठ दोन वाट्या, दाण्याचा कूट एक, तीळ-जवस मिळून अर्धी, असं काही त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी गूळ कमी पडला आणि लाडवाची रांगोळी झाली. दुसऱ्या दिवशी गूळ इतका झाला की बाईंची बोटं एकमेकींना चिकटली. तिसऱ्या दिवशी त्यांना गोम सापडली: दाणे खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायचे, म्हणजे तूप लागत नाही, पाक लागत नाही, मूठ आवळली की लाडू. मग त्यांनी तो लाडू टेबलावर हातभर उंचीवरून टाकला. फुटला नाही. तोच उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. माझा हात क्षणभर थांबला. टेबलावर पडलेला लाडू म्हणून थांबला, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. बाईंनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "काळेबाई, भूक नसेल तर राहू द्या. भूक लागली की कोणी थांबत नाही." मी घेतला आणि खाल्ला. चांगला झाला होता. मान वर करून तसं सांगायला मात्र मला जरा वेळ लागला.

आता या लाडवाला परवानगी हवी होती. मी म्हटलं, मुलींना खाऊ द्यायचा आहे असा अर्ज करा. बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "खाऊ म्हटलं का त्या काहून म्हणून विचारतीन. प्रोटीन म्हटलं का कोणी विचारत नाही. विचारलं तर आपल्याले माहीत नाही हे दिसते ना." त्यांनी अर्जावर लिहिलं, 'प्रथिनयुक्त गोलकांचे अग्निविरहित प्रात्यक्षिक'. मोठ्या बाईंनी दोनदा वाचलं आणि सही केली. 'बघू या'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

प्रात्यक्षिक रोज साडेनऊला, मधल्या सुट्टीआधी होऊ लागलं. एक लाडू तिथेच खायचा, एक दुसऱ्या सकाळच्या चहासोबत खायला न्यायचा. प्रत्येक मुलीने घरून मूठभर काहीतरी आणायचं, दाणे किंवा फुटाणे, आणि मूठ झाकूनच कापडी पिशवीत सोडायची. कोणाची मूठ भरलेली होती आणि कोणाची रिकामी, हे पिशवीलाही कळत नसे. कमी पडेल ते बाईंच्या इतवारीच्या सामानातून येई. महिन्याभरात प्रार्थनेला मुली पडायच्या थांबल्या. मोठ्या बाईंनी याचं श्रेय वेळेवर झोपण्याला दिलं.

मग तक्रार आली. शाळेच्या समितीवर एक वकील होते, त्यांची मुलगी सुनंदा आठवीतच होती. वकीलसाहेब मोठ्या बाईंच्या ऑफिसात चहा पीत बसले. मी हजेरीपट ठेवायला गेले होते, मलाही बसवून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की लाडवाबद्दल काहीच तक्रार नाही, शाळेचा उपक्रम स्तुत्यच आहे, ते स्वतः जातपात मुळीच मानत नाहीत. फक्त त्यांच्या मुलीला पचत नाही. ही सुनंदा शाळेच्या फाटकावर मिठातले आवळे आणि तिखट लावलेल्या कैऱ्या रोज पचवत असे, हे मला माहीत होतं. मी गप्प बसले.

वकील गेल्यावर मोठ्या बाईंनी गजभियेबाईंना बोलावलं. लाडू दुसऱ्या कोणी वळावेत, काळेबाई आहेतच, आणि गजभियेबाईंनी केवळ मार्गदर्शन करावं, हेच अधिक शोभून दिसेल, असं त्यांनी अगदी मधाळ आवाजात सुचवलं. गजभियेबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. उद्यापासून मी लाडवाला हातच लावत नाही."

मला वाईट वाटलं. रागही आला, बराचसा त्यांच्याच ऐकून घेण्याचा.

दुसऱ्या दिवशी बाई खरोखर हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. आठवीच्या मुलींना म्हणाल्या, आजपासून लाडू तुम्ही वळायचे. हात धुवा, नखं दाखवा, आणि एक नियम ऐका. आपला लाडू आपण खायचा नाही. शेजारणीने वळलेला खायचा. आपला हात किती स्वच्छ आहे ते आपल्याला दिसत नाही, खाणारीला दिसतं. फळ्यावर मथळा होता: 'वैयक्तिक स्वच्छतेची परस्पर तपासणी'. बसायची जागा हजेरीक्रमाने लावलेली होती, आणि हजेरीक्रमात सुनंदाच्या शेजारी शोभा होती, बाईंच्याच समाजातली.

शोभाने लाडू वळला आणि सुनंदापुढे धरला. सगळा वर्ग पाहत होता. लाडू तिने बोटांच्या टोकांवर धरला होता, तिला तक्रारीचं सगळं माहीत असावं. सुनंदाने लाडू घेतला, वास घेतला, अर्धा तोडून तोंडात टाकला. मग शोभाला म्हणाली, "गूळ जास्त टाकून राहिली वं तू. उद्याही जास्तच टाकजो." बाईंनी पाठ फिरवून फळा पुसायला घेतला. मथळा सोडला तर फळा आधीच पुसलेला होता.

वकीलसाहेब पुन्हा आले नाहीत. स्वच्छतेच्या तपासणीविरुद्ध तक्रार कशी करायची, हे कायद्याच्या पुस्तकात नसावं.

पुढच्या वर्षी शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी चार लाडू खाल्ले आणि शेऱ्यात 'अभिनव उपक्रम' असं लिहिलं. हाच आमचा घात झाला. वर कुठेतरी तो शेरा वाचला गेला, एक समिती नेमली गेली. मोठ्या बाई समितीवर गेल्या. गजभियेबाईंचं नाव नव्हतं. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा वेळ घेऊ नये, असं कारण मोठ्या बाईंनी सांगितलं. समितीने विचार करून शाळांना बंद पाकिटातली पोषक पूड पाठवली. पाकिटावर लिहिलं होतं: उकळत्या दुधात पाच मिनिटे शिजवून द्यावी. सोबत परिपत्रक होतं की योजना लागू झालेल्या शाळांत गृहविज्ञानाच्या तासाला घरगुती, अप्रमाणित खाद्यपदार्थ करू नयेत.

दूध नव्हतं, आणि उकळायची सोय पाहुण्यांकडे होती. पाकिटं प्रयोगशाळेच्या कपाटात राहिली आणि त्यांत सोंडे झाले. पंधरा दिवसांत पाचवीची एक पोरगी प्रार्थनेत खाली बसली.

त्या दिवशी बाई परिपत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मग विचारलं, "यात कोणता तास लिहून आहे?"

"गृहविज्ञानाचा."

"गणिताचा आहे काय?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते माझ्या लक्षात आलं. मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. घरी वडील पेन्शनीत निघाले होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण माझ्यावर होतं. मी तसं सांगितलं. बाईंनी आग्रह केला नाही. "विचार करा," म्हणाल्या, "नाही जमलं तरी मी तुमच्यावर नाराज नाही." नाराज झाल्या असत्या तर मला नकार देणं सोपं गेलं असतं. तिसऱ्या दिवशी माझ्या पाठांच्या टाचणवहीत मी लिहिलं: पाचवी, अपूर्णांक, अर्धा व पाव लाडू. आठवी, गुणोत्तर, फुटाणे व दाणे. दहावी, गोलाचे घनफळ.

त्यानंतर आमच्या शाळेत गोलाचं घनफळ जितकं शिकवलं गेलं तितकं जगात कुठे शिकवलं गेलं नसेल. मुली लाडवाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजत, त्यावरून त्रिज्या काढत, घनफळ काढत. साहित्य मागे उरू नये अशी सूचना मी टाचणवहीत लाल शाईने लिहून ठेवली होती. गजभियेबाई त्या तासाला मागच्या बाकावर बसून असत. कोणी विचारलं तर त्या गणित शिकत होत्या.

त्याच्या पुढच्या वर्षी तेच साहेब पुन्हा आले, आणि नेमके माझ्या तासाला. शोभा तेव्हा दहावीत होती. फळ्यापाशी तिने उत्तर बरोबर काढलं, जागेवर गेली आणि सवयीने लाडू तोंडात टाकला. साहेब उठले. त्यांनी तिला विचारलं, हे काय चाललं आहे.

शोभाने घास गिळला आणि म्हणाली, "पडताळा पाहून राहिली, सर."

साहेबांनी मागे बसलेल्या गजभियेबाईंकडे पाहिलं. ते त्यांना ओळखत होते. मग साहेबांनी ताटातला एक लाडू उचलला आणि स्वतः पडताळा पाहिला. दोनदा पाहिला. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'गणिताचे अध्यापन अनुभवाधिष्ठित'. त्या वर्षअखेरीस मी कायम झाले. माझ्या अध्यापनकौशल्यामुळे झाले, असं पत्रात म्हटलं होतं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाल-श्रीफळ झालं, मोठ्या बाईंचं भाषण झालं. त्यात लाडू हा शब्द कुठे आला नाही. पुढे बाई नागपुरातल्याच नंदनवन वस्तीत भाच्याकडे राहायला गेल्या. तीन वर्षांनी त्यांचं पोटाचं दुखणं निघालं आणि ते गेलं नाही. शेवटच्या महिन्यात मी भेटायला गेले, तेव्हा त्या भिंतीकडच्या खाटेवर होत्या, हात पांघरुणावर ठेवलेले. आता त्या मला काळेबाई न म्हणता नुसतं वं म्हणायच्या. कितीतरी वर्षं मनात असलेलं मी शेवटी विचारून घेतलं. वकीलसाहेबांचं, समितीचं, त्या परिपत्रकाचं. म्हटलं, "बाई, तुम्हाला कधी राग आला नाही?"

त्या म्हणाल्या, "आला ना वं. रोज आला. पण मी राग घेऊन घरी बसली असती, तर साडेनऊले पोट्टींनी काय खाल्लं असतं?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग त्यांनी हळूच भिंतीकडे कूस वळवली आणि डोळे मिटले. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि उठले.