छातीपर्यंतची तसबीर

चित्रकार माणसाचा चेहरा नव्हे, आत्मा रंगवतो, असं मी बऱ्याच जाड पुस्तकांत वाचलं आहे. आमच्या परतूरच्या चितारीला त्यासाठी नथीचा आकार आणि लुगड्याच्या काठाचा रंग एवढी माहिती पुरत असे. देव तो छापील चित्रांवरून काढायचा आणि मेलेली माणसं नातेवाइकांच्या तोंडून ऐकून. गावात फोटोवाला नव्हता आणि साथी येतच होत्या, त्यामुळे त्याला कामाची ददात नव्हती.

माझी आई अशाच एका साथीत गेली. मी तेव्हा दीड वर्षाचा होतो. तिचा चेहरा मला आठवत नाही. पुढे औरंगाबादेला शिकत असताना माझं लग्न ठरलं. नवरानवरीने पाया पडायला तसबीर हवी, म्हणून वडिलांनी चितारीला बोलावलं. मी मुद्दाम जवळ बसलो. निदान ऐकून तरी ती कशी होती ते कळेल, एवढीच आशा.

चितारीने विचारलं, डोळे कसे होते. भरल्या घरात नवऱ्याने बायकोकडे दिवसाउजेडी पाहायची रीत नव्हती.

"डोळ्याचं सांगता येत न्हाई," वडील म्हणाले. "हात सांगतो. उजव्या करंगळीवर तव्याचा डाग व्हता. भाकर वाढताना दिसायचा."

"तसबीर छातीपोतर ऱ्हाती, मालक," चितारी म्हणाला. "हात येत न्हाई."

आत्याने चेहरा पाहिला होता. तिला विचारलं तर म्हणाली, नाकाच्या जागी नाक होतं, आणि कामाला वाघ होती. आजोळी विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आठ दिवसांनी तसबीर आली. जांबच्या यात्रेत मिळणाऱ्या छापील लक्ष्मीला कमळावरून उतरवून लुगडं नेसवलं होतं. वडील तिच्यासमोर परक्या बाईसमोर राहावं तसे, जरा बाजूला उभे राहिले.

"हीच का?" त्यांनी आत्याला विचारलं.

"आता हीच म्हनायची."

तेव्हापासून आईची आठवण काढली की ही बाई येते. आधी निदान जागा रिकामी होती.

लग्नाच्या सकाळी आत्याने तसबिरीला कुंकू लावलं. रंग पुरता वाळला नव्हता. कपाळाचा थोडा भाग तिच्या बोटाला आला. मुहूर्ताची घाई होती. तिने बोट पदराला पुसलं.