आखूड हौद्याची गाडी

मी गाव सोडलं तेव्हा साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. जानेवारीतली सकाळ, नऊ-साडेनऊचा सुमार. आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट एका वाहनापुरतीच आहे. मला आणि दोन वर्षांच्या तन्वीला मुंबईला न्यायला आलेली जीप त्या वाटेला लागली आणि समोरून आण्णांचा ट्रॅक्टर आला. मागे उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली. कारखान्यावर जाण्याआधी मला भेटावं म्हणून माझे वडील भरली ट्रॉली घेऊनच आत शिरले होते. त्यांना उशीर झाला होता आणि आम्ही निघालो होतो.

जीपचा ड्रायव्हर मागे जायला तयार होईना. आण्णांनी हातानंच त्याला थांब म्हटलं आणि ती भरली ट्रॉली शे-दीडशे पावलं मागे घेतली. मान वळवून, नजर ट्रॉलीच्या चाकावर ठेवून. मी जीपच्या काचेतून बघत होते, पण मला दिसत होती फक्त त्यांची मान आणि टोपी. फाट्यावर त्यांनी ट्रॅक्टर कडेला घेतला. मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या, त्यामुळे त्यांना खाली उतरता आलं नाही. त्यांनी हात वर केला, मीही केला. निरोप एवढाच.

नितीन, माझा नवरा, आमच्याआधी चार महिने जर्मनीला गेला होता. हायडेलबर्गपासून अर्ध्या तासावर, नेकार नदीच्या काठच्या एका गावात त्यानं घर बघून ठेवलं होतं. तो सकाळी सातच्या ट्रेननं ऑफिसला जायचा आणि मग मी, तन्वी आणि ती शांतता. आमच्या वस्तीवर दुपारीसुद्धा कुणी ना कुणी हाक मारायचं. इथे कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, दिसलं की 'हालो' म्हणायचं आणि पुढे जायचं. माझी बी.कॉम.ची पदवी आणि गावच्या पतसंस्थेतली तीन वर्षांची नोकरी इथे कुणाला सांगावी, हेच मला कळत नव्हतं. पहिली दोन वर्षं माझी ओळख म्हणजे आन्मेल्डुंगच्या, म्हणजे रहिवासी नोंदणीच्या, कागदावरचं नाव. महिन्यातून दोनदा फोनकार्ड खरवडून घरी फोन करायचा. आई बोलायची भरभरून. आण्णांचे प्रश्न मात्र दोनच. "जेवलीस का?" आणि "थंडी हाय का?" मग ते फोन परत आईकडे द्यायचे.

खालच्या मजल्यावर आमचे घरमालक राहायचे. उर्सुला त्याच गावची. तिचा नवरा डेल अमेरिकन, सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक म्हणून तरुणपणी इथे आला आणि उर्सुलासाठी इथेच राहिला. मूलबाळ नव्हतं. तन्वी त्यांच्याकडे रांगत गेली नाही एवढंच, बाकी वाढली ती त्यांच्याच स्वयंपाकघरात. उर्सुलाला ती ओमा म्हणायची, म्हणजे आजी. घरी मी मराठीत विचारायचे आणि उत्तर जर्मनमध्ये यायचं. एकदा मी म्हटलं, "ती बघ डेलआजोबांची ट्रॉली." तर ती म्हणाली, "नाइन, ममा, दास इस्ट आइन आनहेंगर."

ती ट्रॉली म्हणा की आनहेंगर, अख्ख्या गावात प्रसिद्ध होती. डेलनं अमेरिकेहून जहाजानं आणवलेलं ते चाकांवरचं घर होतं. आत पलंग, चूल, न्हाणी, सगळं. इथले लोक सुट्टीला जे कॅरावान नेतात ते गाडीच्या मागच्या हुकला जोडतात. डेलचं तसं नव्हतं. त्याच्या पिकअपच्या हौद्यात, बरोबर मागच्या चाकांच्या वर, एक जाडजूड लोखंडी जोड बसवलेला होता. ट्रेलरचं नाक हौद्यावर चढून त्या जोडात अडकायचं. मोठ्या मालट्रकांना मागचा ट्रेलर जोडतात तसंच.

अडचण एकच होती. डेलची पिकअप चार दारांची, त्यामुळे तिचा हौदा आखूड. सरळ रस्त्यावर काही नाही, पण काटकोनात वळलं की ट्रेलरच्या नाकाचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर येतो. म्हणून त्याचा जोड सरकता होता. अवघड वळणाआधी थांबायचं, उतरायचं, हौद्याच्या कडेचा दांडा ओढायचा. मग फक्त ट्रेलरचे ब्रेक धरून गाडी हळूच पुढे घ्यायची. जोड मागे सरकतो, 'खट्' असा आवाज येतो आणि नाकाला वळायला जागा होते. वळण झालं की हेच सगळं उलट.

हे मला इतकं नीट माहीत असण्याचं कारण डेलचे डोळे. २००६च्या हिवाळ्यात त्याला मधलं दिसेनासं झालं. कडेकडेचं दिसायचं, पण समोरच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. उर्सुलाला मोठं घर आवरेना. तिची बहीण गेर्डा दक्षिणेला आल्गॉयमध्ये गाईगुरं सांभाळून होती. तिच्या अंगणात ट्रेलर लावायचा, त्यातच राहायचं आणि हे घर विकायचं, असं ठरलं. घर घेणारे नवे मालक आम्हाला भाडेकरू म्हणून ठेवायला तयार होते. प्रश्न ट्रेलर नेणार कोण, हा होता. एक वाहतूकवाला येऊन बघून गेला. तो ट्रेलरच्या भिंतीवर थापा मारत होता, जत्रेत बैल बघावा तसा. डेल आत निघून गेला.

त्या संध्याकाळी मी जेवताना म्हटलं, "मी नेते."

नितीननं घास हातातच ठेवला. "अगं, तुला वेड लागलंय का? तीनशे किलोमीटर आहे. आउटोबानवर."

"अहो, मी आठवीत असल्यापासून ट्रॅक्टर चालवलाय. ट्रॉली मागे घ्यायला आण्णांनीच शिकवलीय."

"ते शेत होतं."

"जा, गेनाऊ," मी म्हटलं, म्हणजे अगदी बरोबर. "शेतात रस्तासुद्धा नसतो."

गाडीचं लायसन्स मी आधीच काढलं होतं. आता ट्रेलरचं वेगळं काढायला फारशूलेमध्ये, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, नाव घातलं. पहिल्याच दिवशी त्यांचा छोटा ट्रेलर मी मागे घेऊन दोन खुणांच्या मध्ये लावला. तिथले शिक्षक वहीतून डोकं वर काढून म्हणाले, "आल्झो... हे तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हटलं, "उसाच्या फडात." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी ते लिहून घेतलं. चार वर्षांत या देशात कुणी मला प्रथमच विचारलं होतं की तुम्हाला हे कसं येतं.

लायसन्स हातात आलं. मग शनिवारी दुपारी गावच्या जत्रेच्या मोकळ्या मैदानावर डेलच्या खऱ्या गाडीचा सराव सुरू झाला. डेल शेजारी बसायचा. त्याला समोरचं दिसत नसे, पण इंजिनाच्या आवाजावरून माझा पाय कुठे आहे हे तो सांगायचा. आणि तिसऱ्या शनिवारी मी चुकले. ट्रेलर मागे घेताना तो वळेना, म्हणून मी स्टेअरिंग आणखी फिरवलं, आणखी फिरवलं. जोड सरकवायचं राहूनच गेलं होतं. एकदम ट्रेलर वळला आणि आमच्या डोक्यामागे काच फुटली. चुरा माझ्या मानेवर, डेलच्या मांडीवर.

मी दोन्ही हात तसेच स्टेअरिंगवर ठेवून बसले. डेलनं मांडीवरचे तुकडे सावकाश झटकले आणि विचारलं, "तू ठीक आहेस?"

"हो. तुम्ही?"

"ठीक." थोड्या वेळानं म्हणाला, "मीही फोडलीय. गाडी घेतली त्याच महिन्यात. उर्सुलाला सांगू नकोस, तिला वाटतं कुणी दगड मारला."

तो हसला, मला हसू येईना. घरी येऊन मी नितीनला सांगितलं की मी हे सोडणार. वाहतूकवाल्याला बोलवा. नितीन 'मी म्हटलं होतं' असं म्हणाला नाही, हे त्याचे उपकार. मी फोनकार्ड काढलं. फोन आण्णांनीच उचलला आणि आईला बोलावण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं.

"कुणाला लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं. जोड कुठं हाय त्येचा?"

"चाकांच्या वर. हौद्यात."

फोन मागणाऱ्या आईला त्यांनी थांब म्हटलं.

"आपल्या ट्रॉलीचा जोड चाकाच्या मागं असतुया," ते म्हणाले. "म्हणून ती चटशिरी वळती. तुझ्या हाताला ती सवय. ह्यो जोड चाकावरच हाय, मग त्यो दमानं वळणार. तू वाट बघाय पायजे हुतीस. थोडं फिरवायचं, थांबायचं, बघायचं, मग पुन्यांदा." आणि मग, "सोडू नगं. उद्या परत बस."

मी गाव सोडल्यापासून आण्णा माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. गाव सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल, दूर गेलं की फोनवर बोलायचे विषय आटतात. इथलं त्यांना कळत नाही, तिथलं आपल्याला जुनं होतं. माझं जेवण आणि इथली थंडी यापलीकडे आम्हा बापलेकीला एक लोखंडी जोड सापडला होता. त्यानंतर दर रविवारी ते फोनजवळ बसून राहायचे, असं आईनं सांगितलं. "आज किती मागं घेतलीस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. जेवणाचं विचारायचंही विसरू लागले.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्यानं तशाच गाडीची काच मिळवून दिली. सप्टेंबरच्या एका शनिवारी आम्ही निघालो. पिकअपमध्ये मी आणि डेल, मागून आमच्या गाडीत नितीन, उर्सुला आणि तन्वी. नेकारसुल्मच्या पुढे धुकं होतं, मग उल्मपर्यंत लख्ख ऊन. ऐंशीच्या वर जायचं नाही, म्हणून सगळं जग आम्हाला ओलांडून जात होतं. डेल मध्येच विचारायचा, "डावीकडे काय आहे?" मी सांगायचे, मक्याचं शेत, चर्च, पवनचक्क्या. तो मान हलवायचा.

गेर्डाच्या घराची वाट शेवटी अरुंद झाली. एका बाजूला गोठ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला दगडी हौद, आणि मध्ये काटकोनात वळून आत जायचं. गेर्डा फाटकात उभी राहून दोन्ही हातांनी "लिंक्स, लिंक्स!", म्हणजे डावीकडे, असं म्हणत होती आणि स्वतः उजवीकडे दाखवत होती. तेवढ्यात नितीनच्या मागे दुधाचा टँकर येऊन थांबला. त्यानं एकदा हॉर्न दिला.

डेल म्हणाला, "थांबू दे त्याला. दूध काही लगेच नासत नाही."

मी उतरले. ट्रेलरभोवती एक फेरी मारली, भिंत पाहिली, हौद पाहिला. दांडा ओढला. परत चढले, ट्रेलरचे ब्रेक धरून गाडी हातभर पुढे घेतली. खट्. मग थोडं फिरवलं, थांबले, आरशात बघितलं, पुन्हा थोडं. ट्रेलरचं नाक काचेकडे येत येत वीतभर अंतरावर आलं आणि तिथून पुढे सरकून गेलं. आम्ही आत होतो. टँकरवाला जाताना काच खाली घेऊन अंगठा उंचावून गेला.

डेलनं विचारलं, "काच?"

"आहे," मी म्हटलं.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खूप वेळ काढला नाही.

संध्याकाळी गेर्डाच्या फोनवरून मी गावी फोन लावला. "लावली आण्णा."

"सरळ लागली का?"

"जराशी तिरकी."

"असू दे तिरकी. पावसाचं पाणी निघून जाईल."

त्या वर्षी आमच्या जवळच्या गावातल्या एका कॅरावान भाड्यानं देणाऱ्याला माणूस हवं होतं. फारशूलेच्या शिक्षकांनी माझं नाव सुचवलं. कॅरावान जोडायचा कसा, आरसे लावायचे कसे, मागे घ्यायचा कसा, हे मी सुट्टीला निघालेल्या कुटुंबांना शिकवू लागले. सहा फुटी माणसं माझ्या तुटक्या जर्मनकडे कान देऊन ऐकायची. पहिल्या दिवशी घरी येताना मी उगाचच एक स्टॉप आधी उतरून चालत आले.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात आई-आण्णा महिनाभर आले. त्यांना मी आल्गॉयला नेलं. डेलला तोपर्यंत फारसं दिसत नव्हतं, आणि आण्णांना मराठीशिवाय काही येत नव्हतं. पण डेल त्यांचा हात धरून पिकअपपाशी घेऊन गेला आणि तो जोड त्यांच्या हाताखाली ठेवला. आण्णांनी दांडा ओढून बघितला, वाकून खालून बघितलं, आणि म्हणाले, "भारी केलंय." डेलनं मला विचारलंही नाही ते काय म्हणाले. दुपारभर दोघं हौद्याच्या कडेला टेकून उभे होते. आत आई आणि उर्सुला चकल्या तळत होत्या.

निघायच्या दिवशी फ्रँकफर्टच्या विमानतळावर मी सामान जमा केलं, कागद दिले, कुठे जायचं ते तीनदा समजावलं. आईचे डोळे भरले होते. माझेही. गावात मी कधीही सुट्टीला गेले की 'घरी' आले असं म्हणतात, आणि इथे परत येते ती 'तिकडे'. आई तेच म्हणत होती, "तिकडं जपून राहा." आण्णांनी पिशवी खांद्याला लावली आणि रोजचंच सांगावं तसं म्हणाले, "बरं, आम्ही निघतो घरला. तू बी जा आता घरी. पोरगी वाट बघत असंल."

ते आत गेले, रांगेत दिसेनासे झाले. मी पार्किंगमध्ये येऊन गाडी काढली आणि घरी गेले.