डोरीनची हक्काची संध्याकाळ

मुलांनो, डोरीन रात्री अचानक गेल्याचं तिच्या शेजारणीने फोनवर सांगितलं, तेव्हा जळगावहून भुसावळला निघायची माझी तयारी झाली होती. त्या रविवारी तिच्या घरी तिचं गाणं होतं. "काकू, याच तुम्ही," शेजारीण म्हणाली, "पण आता गाण्याला नाही..."

डोरीन माझी कॉलेजातली मैत्रीण, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली. तुम्ही हल्ली जॅझ ऐकता ना, ते तिच्या घरातच होतं. वडील इंजिन ड्रायव्हर, शनिवारी रेल्वेच्या क्लबात नाचासाठी ट्रम्पेट वाजवत. शाळकरी वयातच ती त्यांच्या शेजारी उभी राहून गाऊ लागली. पुढे तिचे अँग्लो-इंडियन लोक एकेक करून परदेशी गेले, नाचाचे शनिवार संपले. ती राहिली आणि पोटासाठी ऑर्केस्ट्रात शिरली. जळगाव-धुळ्याच्या लग्नांत तिने सिनेमाची गाणी, कव्वाल्या, अहिराणी लग्नगीतं, सगळं गायलं, आणि प्रत्येक गाणं तिच्या घरचंच वाटायचं. स्वतःची इंग्रजी गाणी मात्र ती पंगत बसल्यावर म्हणायची, कारण तेव्हा फर्माईश नसे. "माझं गाणं लोक वरण-बट्टीबरोबर चुरून खातात," असं म्हणून हसायची. धुळ्याला एकदा तेवढंही झालं नाही. नवरदेवाचे काका जेवता जेवता ओरडले, "भारी शे अक्का, पन आते नाचानं गानं व्हऊ द्या!"

एक पूर्ण संध्याकाळ, फक्त आपली गाणी आणि ऐकायला बसलेली माणसं... एवढंच तिला हवं होतं.

त्या रविवारच्या आठवडाभर आधी जळगावात तिचा सत्कार होता. आधी सत्कार, मग तिचं गायन. पाहुणे उशिरा आले. प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगतं. जो तो "दोनच शब्द बोलतो" म्हणून उभा राहिला आणि बसायचं विसरला. शेवटी हॉलची वेळ संपली, रखवालदाराने पंखे बंद केले. "गाणं पुढच्या वेळी नक्की, अक्का," आयोजक मनापासून म्हणाले. मांडीवरचा नारळ सावरत डोरीन मला म्हणाली, "यालाच गाऊन दाखवते. हा तरी मधे भाषण करणार नाही."

रिक्षात तिने तो नारळ माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "रविवारी माझ्याकडे ये. पाहुणे नाहीत, शाल नाही. मी गाणार, तुम्ही ऐकणार. आवाज आहे तोवर..."

मी पोचले तेव्हा तिला दवाखान्यातून परस्पर चर्चमध्ये नेणार असल्याचं कळलं. घर उघडं होतं. चर्चमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणून तिने आदल्या दिवशीच ओळीत मांडून ठेवल्या होत्या, सगळ्या खिडकीकडे तोंड करून. तिथे ती उभी राहणार होती. भेटायला आलेला प्रत्येक जण नकळत त्यांवर बसत गेला. ऑर्केस्ट्रातले जुने वादक आले, शेजारी आले, सत्कारवालेही आले. खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मला कोणीतरी पुढे जागा करून दिली. सगळे खिडकीकडे बघत होते, आणि बराच वेळ कोणी उठलं नाही.