मुरमाच्या मैदानावरचा बास्केटबॉल

पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात तेव्हा मुलींचा खेळ म्हणजे खो-खो नाहीतर कबड्डी. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना खेळाच्या नवीन मॅडम आल्या. त्या स्वतः विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेल्या. आल्या आल्या त्यांनी इमारतीमागची झुडपं काढायला लावली, मुरूम टाकून दाबून घेतला, आणि हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या मिस्त्रीकडून दोन खांब उभे करून घेतले. बोर्डही ट्रकच्याच फळ्यांचे. मिस्त्रीनं हौसेनं कडेनं लाल-पिवळी नक्षी काढून दिली.

माझ्या वर्गात केळापूरची एक उंच मुलगी होती. सगळे चिडवायचे, म्हणून पोक काढून चालायची. मॅडमनी नेमकं तिलाच बोलावलं. ती घाबरून माझ्याकडे आली.

"मले नाही जमनार व. तू येशील तं येतो."

म्हणून मी गेले. मला खेळाची आवड वगैरे काही नव्हती.

मुरमावर चेंडू सरळ उसळायचाच नाही. खड्यावर पडला की भलतीकडे पळायचा. मॅडम ओरडायच्या, "टप्पे कशाला मारता? पास द्या!" गुडघे सोलून निघायचे, आणि तहान लागली की पाण्यासाठी थेट हायवेवरच्या हापशीपर्यंत जावं लागायचं. हळद लावता लावता आई विचारायची, "काहून करून राह्यली हे?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत मैदानावर असायचे.

विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी अमरावतीला गेलो. तिथे सिमेंटचं कोर्ट. माझ्या त्या उंच मैत्रिणीनं चेंडू आपटून पाहिला आणि मोठ्यानं हसली. "हा तं सिद्धा हातातच वापस येते व!" पण आम्हाला सवय पासची. समोरच्या मुली गोंधळल्या आणि पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्यात सपाटून हरलो. तरी परतताना एसटीत आमच्या गाण्यांनी कंडक्टर वैतागला.

मैत्रिणीची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. तिचे वडील कॉलेजात आले तेव्हा वाटलं, आता हिचा खेळ संपला. शेतातून तसेच आले होते. मॅडमना म्हणाले, "पोरगी एकटी जाईन का?"

"मी सोबत आहे."

त्यांनी मान हलवली. मग मैदानावरच्या खांबाकडे वर पाहत विचारलं, "थे जाळी येवढ्या वर कायले टांगली?" मॅडमना हसू आवरेना. शेवटी तेही हसले.

पुढे कॉलेजातल्या त्या मुरमाच्या जागी सिमेंटचं कोर्ट झालं, आणि आता लाकडी फरशीचा बंद हॉल. मागच्या हिवाळ्यात तिथल्या स्पर्धेला मी गेले होते. मैत्रीण कळंबच्या कॉलेजात खेळ शिकवते, ती आपल्या संघाच्या मुली घेऊन आली होती. बाकाजवळ ताठ उभी राहून ओरडत होती. बुटांच्या करकरीत तिचा आवाज बुडून जात होता.

निवृत्तीनंतर मॅडम नागपूरला मुलाकडे असतात. मी त्यांना व्हिडिओ कॉल करून सगळा हॉल दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

मग म्हणाल्या, "पोरींना प्यायचं पाणी जवळ आहे का गं?"

होतं. मी फोन तिकडे वळवला.